दादांची काळी चार

आमच्या घरात गळ्याला जेवढा मान होता तेवढा कुठल्याच माणसाला नव्हता. गळा म्हणजे दादांचा, माझ्या वडिलांचा. त्या गळ्यापायी घरात चिंच यायची नाही, दही लागायचं नाही. माझ्या मायला ताक जीव की प्राण, तर ती शेजारी जाऊन उभ्या उभ्या फुलपात्रभर पिऊन यायची आणि पदराने तोंड पुसत चोरासारखी घरात शिरायची. ठेचा दोन तऱ्हेचा व्हायचा. दादांचा तेलात परतून नरम केलेला, आमचा नाकाडोळ्यांतून पाणी काढणारा. सकाळी आम्हाला जाग यायची ती हळद-मिठाच्या गुळण्यांनी. दादा अंगणात उभे राहून मान वर करून इतक्या जोरात गुळण्या करायचे की समोरच्या लिंबावरचे कावळे उडून जायचे. माझ्या धाकट्या भावाला पडसं झालं तर माय त्याचं अंथरूण पडवीत टाकायची, दादांना लागू नये म्हणून. आम्हाला ताप आला तर ती कपाळावर हात ठेवून परत चुलीपुढे बसायची, पण दादा नुसते खाकरले तरी तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपायची.

दादा गवंडी होते. कुंभार पिंपळगावातल्या कितीतरी भिंती त्यांच्या हातच्या आहेत आणि त्यातली प्रत्येक भिंत गाणं ऐकत उभी राहिली आहे. परांचीवर चढले की ते गायला लागत. खाली पाणी आणणाऱ्या बाया घागर टेकवून ऐकत थांबायच्या आणि मालक ओरडायचा. एका मालकाने म्हणे त्यांना सांगितलं होतं, दादाराव, तुम्ही गाऊ नका, नाहीतर माझं घर दिवाळीपर्यंत उरकायचं न्हाई. हे दादा स्वतःच सांगायचे, त्यामुळे खरं किती ते मला माहीत नाही. पण त्यांची खरी कमाई, म्हणजे नावाची कमाई, भिंतींची नव्हती. आमची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नात, बारशाला, कोणी वारलं तर पुण्यानुमोदनाला आम्हाला बोलावणं यायचं. पुढे माइकवर दादा, मागे कोरसला माझे दोन चुलते, ढोलकीवर हसनचाचा आणि पेटीवर मी.

पेटीवर मी कशी आले, ते सांगते. आधीचा पेटीवाला कामधंद्यासाठी पुण्याकडे गेला तो परत आलाच नाही. पेटी घरात कोपऱ्यात कापडाखाली पडून होती. मी तेव्हा दहावी सुटून घरी बसलेली, सतरा-अठराची. गाणी मला सगळी पाठ होती, कारण ती ऐकल्याशिवाय आमच्या घरात जेवण मिळायचं नाही. दुपारी माय शेतात निंदायला गेली की मी कापड काढायचे आणि एका बोटाने सूर शोधत बसायचे. मला कोणी शिकवलं नाही. स्वरांची नावंसुद्धा मला फार उशिरा कळली. मी पेटीवरची घरं मोजायचे, जशी पोरी जिबलीत ठिकरी टाकताना मोजतात. चार महिन्यांत मी पार्टीतली सगळी गाणी वाजवायला लागले आणि दादांनी एक दिवस दारात उभं राहून ऐकलं. संध्याकाळी मायला म्हणाले, "कांताला एक पांढरी साडी घेऊन दे. पेटीवाली उघड्या डोक्यानं न्हाई बसणार इस्टेजवर." एवढंच माझं प्रवेशपत्र.

आता ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. प्रत्येक गाणाऱ्याची एक पट्टी असते. म्हणजे पेटीवरच्या ज्या घरातून तो गाणं सुरू करतो, ज्या घराला तो आपलं घर मानतो, ती जागा. डावीकडून काळ्या पट्ट्या मोजायच्या, पांढऱ्या मोजायच्या आणि आकडा सांगायचा. जाड गळ्याची माणसं काळी एक, पांढरी दोन अशी गातात. दादांची होती काळी चार. एवढ्या उंच पट्टीत गाणारा पुरुष आमच्या भागात दुसरा नव्हता. घनसावंगीपासून अंबडपर्यंत लोक त्यांना नावाने कमी आणि "काळी चारवाले" म्हणून जास्त ओळखायचे. दादांना त्याचा अभिमान किती होता हे विचारू नका. दुसरा कोणी गाताना ऐकला की ते पहिल्यांदा हळूच विचारत, "कोणती पट्टी?" आणि उत्तर ऐकून मिशीत हसत.

त्या पहिल्या हिवाळ्यात मला माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध लागला. मी पेटीपुढे बसून एक गाणं वाजवत होते आणि सुरुवातीलाच हात एक घर चुकीचा पडला. मला कळलंच नाही. मी वाजवत गेले आणि गाणं तसंच्या तसं वाजलं, फक्त बोटं भलत्याच काळ्या-पांढऱ्यांवर पडत होती. मी थांबले आणि पुन्हा वाजवलं. मग आणखी एक घर खाली जाऊन वाजवलं. मी अक्षरशः ओरडले. गाणं घरांमध्ये नव्हतं, घरांमधल्या अंतरांत होतं! हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी माझ्या बोटांनी शोधलं होतं. त्या हिवाळ्यात मी दुसरं काही केलं नाही. प्रत्येक गाणं बाराही घरांतून वाजवून पाहिलं. भाकऱ्या जळाल्या, मायने चिमटा फेकून मारला, तरी मी उठले नाही. इतका निखळ आनंद मला पुढे कधी झाला नाही, लेकरं झाली तेव्हासुद्धा नाही. हे लिहिलेलं माझी लेकरं वाचतील तर वाचोत.

आता मी ज्या ऑर्केस्ट्राबरोबर जाते तिथे कीबोर्ड आहे. माझी बोटं सांध्यांत सुजतात, पण अजून बोलावतात, कारण जुनी गाणी मला येतात. कोवळी पोरं गायला येतात आणि म्हणतात, "मॅडम, आज घसा बसलाय, दोन खाली करा." मी एक बटण दाबते, सगळं यंत्र दोन घरं खाली उतरतं आणि बोटं आहे त्याच जागी राहतात. माझा एक अख्खा हिवाळा त्या बटणात गेला. बटण दाबताना मी कधी त्या पोरांच्या तोंडाकडे बघत नाही, पण एक मला बरं वाटतं. ते स्वतः सांगतात.

दादांनी मला कधी सांगितलं नाही. घनसावंगीला एका लग्नात आम्ही गायला होतो. शेवटच्या कडव्यात सूर वर जातो, तिथे दादा टाचा उचलायचे आणि लोक शिट्ट्या मारायचे. त्या दिवशी त्यांनी टाचा उचलल्या, पण सूर पोचला नाही. थोडासाच कमी पडला. लोकांना कळलंही नसेल, पण मी मागे बसले होते आणि मला त्यांच्या मानेची शीर दिसली. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. "भूक न्हाई," म्हणाले. माय त्यांच्या ताटाकडे पाहत बसली. दुसऱ्या दिवशी परांचीवरून गाणं ऐकू आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरात जणू कोणाचं तरी सुतक होतं.

पुढचा कार्यक्रम जवळच्याच वस्तीवर होता. दादा माइकपुढे, मी त्यांच्या पाठीशी. पेटीच्या पट्ट्या वाजवणाऱ्याकडे असतात, समोरच्याला नुसतं लाकूड दिसतं. मी काळी चारवर बोट ठेवलं आणि उचललं. मग पांढरी पाचवर ठेवलं. एकच घर खाली. भाता ओढला आणि सूर धरला. दादांनी त्यावरून गाणं उचललं. त्यांना काही कळलं नाही, कारण ते सूर ऐकून गायचे, घर बघून नव्हे. शेवटचं कडवं आलं, टाचा उचलल्या आणि सूर अलगद वर जाऊन बसला. काय टाळ्या पडल्या! घरी येताना जीपमध्ये ते सारखे बोलत होते. "आज गळा कसा मोकळा सुटून राह्यला व्हता, पाह्यलं का? मधी जरा थकला व्हता, बाकी काही न्हाई." त्या दिवशी ते तीन भाकरी जेवले. माय मला ओंजळभर गूळ-शेंगदाणे देत म्हणाली, "तुह्या पेटीचा पायगुण चांगलाय." मी गूळ खाल्ला. मला लाज वाटली नाही. मला आनंद झाला, हे मी आज लपवत नाही.

कळलं होतं फक्त हसनचाचांना. ढोलकी सुराला लावलेली असते. मी एक घर उतरले की त्यांची थाप बेसूर व्हायची. पहिल्या वेळी त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, दोरीच्या कड्या सरकवल्या आणि ढोलकी माझ्या सुराला आणून बसवली. चाचा बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचे. बोलायला कमी, पण कान असा की गावात कुठेही फुटलेली बांगडी दुकानात बसून ऐकतील. सात-आठ महिन्यांनी मी काळी तीनवर उतरले तेव्हा घनसावंगीच्या स्टँडवर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बेटी, कित्ता उतारती? नीचे जमीन है."

"चाचा, त्यान्ला बरं वाटून राह्यलं. तुमी बघता ना कसे खूश हाईत."

"देखता. सब देखता मैं." त्यांनी बिडी विझवली. "अभी बोल दे उनको. आज बोलेगी तो हसेंगे, गाली देंगे. कल नै बोला जाता."

"सांगितलं तर गाणं सोडतील."

"तो छोडने दे ना," चाचा म्हणाले. मला त्यांचा राग आला. वाटलं, ह्यांना काय, ढोलकी कोणाच्याही मागे वाजवतील. मी तोंड फिरवून जीपमध्ये जाऊन बसले. त्यानंतर चाचा मला त्यावरून कधीच बोलले नाहीत, पण ढोलकी मात्र दर वेळी माझ्या आधी तयार ठेवत.

असं दोन वर्षं चाललं. काळी चारवरून पांढरी पाच, तिथून काळी तीन, तिथून पांढरी चार. तीन घरं. प्रत्येक वेळी सूर कमी पडायला लागला की मी एक घर खाली सरकायचे आणि दादा परत तरुण व्हायचे. मधून मधून ते कण्हल्यासारखं खाकरायचे, सकाळी आवाज जाड यायचा, पाणी पिताना एखाद वेळी ठसका लागायचा. ते म्हणायचे, सिमेंटची धूळ. माय म्हणायची, कामावर ओढता ती बिडी. मी काहीच म्हणायचे नाही. खरं तर मला वाटायचं, मी आहे ना. मी त्यांना सांभाळून घेते आहे. पंगतीत बसलेली माणसं म्हणायची, दादारावांचा गळा वयाबरोबर पिकून राह्यला, आता जास्त गोड लागतो. ते ऐकून मला पेटीवर थाप मारावीशी वाटायची. ही करामत माझी होती! वीस वर्षांची मी, दोन दोन घरं बदलून साथ करणारी, तालुक्यात दुसरी कोणी नव्हती. मी फक्त दादांना नाही, स्वतःलाही खूश ठेवत होते.

मग भोकरदनचं बोलावणं आलं. सामना होता. एका मांडवात दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एक गाण्यात सवाल टाकते, दुसरी गाण्यातच जवाब देते. त्याचा आमच्याकडे एक कडक रिवाज होता. जी पार्टी सुरुवात करते तिची पट्टी मांडवाची पट्टी. सवाल संपतो तिथेच दुसऱ्या पेटीने तोच सूर धरायचा, मध्ये फट पडू द्यायची नाही. सूर तोडला तर तिथेच हार, मग जवाब कितीही चांगला असो. समोरच्याने वरची पट्टी धरली तर मला खाली सरकता येणार नव्हतं. मी म्हटलं, नको जायला, लांब आहे, ऊन आहे. कारण सांगता येईना, म्हणून उन्हाचं सांगितलं. दादासुद्धा कां कू करत होते. दोन-चार दिवस त्यांना घशात काहीतरी अडकल्यासारखं होत होतं.

पण भोकरदन मायचं माहेर. तिला तिथून गवंड्याच्या घरात दिलं तेव्हा तिच्या भावांनी नाक मुरडलं होतं. त्यातला एक मास्तर झालेला. इतक्या वर्षांत दादांचं गाणं माहेरच्या गावात कधी झालं नव्हतं. तिने हट्टच धरला. इतका हट्ट मी तिला कधी करताना पाहिलं नाही. "सारा मुलूख ऐकतो तुमाला," ती दादांना म्हणाली, "माह्या भावाईनंच कव्हा ऐकलं न्हाई. एक डाव जा. माह्यासाठी जा. मी काही मागतलं का कव्हा?" ताक पिण्यासाठी शेजारी जाणारी बाई ती. दादा हसले आणि म्हणाले, "जातो बाई. तुह्या भावाईला रडवूनच येतो."

दोन बस बदलून आम्ही गेलो. मायने आम्हा पाच जणांपुरत्या धपाट्यांची चळत, येसर घालून केलेली आमटी किटलीत आणि दादांसाठी सुंठीचं पाणी बाटलीत भरून ठेवलं होतं. ती स्वतः आदल्या दिवशीच माहेरी पोचली होती. त्या काळात लाइटचा भरवसा नव्हता म्हणून सामना दुपारीच ठेवला होता. मांडवात माणूस मावत नव्हता. पुढच्या रांगेत माय भावजयांच्या मध्ये बसली होती, नवी साडी, डोक्यावर पदर, पाठ ताठ. मी तिच्याकडे पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

समोरच्या पार्टीचा गायक विश्वनाथ म्हणून होता. तिशीतला, दांडगा, गोड माणूस. कार्यक्रमाआधी तो स्वतः आमच्याकडे आला आणि दादांपुढे हात जोडून वाकला. "जयभीम दादा. पोरगा व्हतो तवा तुमाला ऐकलं जालन्याला. आज सुरुवात माह्याकडं दिली हाय, पण पट्टी तुमचीच धरतो. काळी चार. तुमच्यापुढं दुसरी धरायची माही हिंमत न्हाई."

दादांचं तोंड असं उजळलं! त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "धर बेटा. बिलकुल धर." चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ढोलकीच्या कड्या आवळायला लागले. त्यांच्या हातांना तीन घरं वर चढवायला वेळ लागत होता.

विश्वनाथने सवाल टाकला. राजवाडा सोडून निघालेल्या सिद्धार्थाने झोपलेल्या लेकराकडे वळून पाहिलं की नाही, आणि पाहिलं असेल तर त्याचा पाय कसा निघाला, असा तो सवाल होता. सुरेख गायला तो. शेवटची ओळ संपवून त्याने हात आमच्याकडे केला आणि मी काळी चार धरली. दादा पुढे सरकले. त्या वेळी माझ्या हातात दोन गोष्टी होत्या. एक, तीन घरं खाली सरकायचं. मांडव हसला असता, सामना गेला असता, दादांना सगळं कळलं असतं, पण ते गायले असते. दुसरी, हात तिथेच ठेवायचा. मी ठेवला. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की त्यांच्या इज्जतीसाठी. खोटं आहे ते. माझं बिंग फुटू नये म्हणून ठेवला.

पहिली ओळ त्यांनी ओढूनताणून नेली. दुसरीला मानेच्या शिरा फुगल्या. त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पेटीला काही झालं का असं. मी खाली मान घातली. मग सूर वर जायची जागा आली, त्यांनी टाचा उचलल्या आणि गळ्यातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. कापड फाटावं तसा टरकन फाटला. ते पुन्हा गायला गेले तर नुसती हवा आली. माइकमधून ती हवा सगळ्या मांडवाला ऐकू गेली. मागे कोणीतरी पोरगं हसलं. विश्वनाथ उठून धावला, त्याने दादांना धरलं आणि माइक बंद करायला सांगितलं. पुढच्या रांगेत माय उभी राहिली होती, तिचा पदर पडला होता, आणि तिचा मास्तर भाऊ तिला खाली बस म्हणत होता.

घरी आल्यावर बारा दिवस दादा कुजबुजत बोलले. मायने काढे केले, शेक दिला, कोणी सांगितलं म्हणून ज्येष्ठमध आणलं. चाचा रोज दारावरून जायचे, पण आत यायचे नाहीत. दादा मला एकदाच म्हणाले, "त्या दिशी गळ्यानं ऐन वक्ताला दगा दिला, कांते. तव्हापर्यंत कसा बराबर चालत व्हता." मी तेव्हा सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात आलंही होतं. पण त्यांनी हात फिरवून विषय संपवला आणि मीही संपू दिला. तेराव्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन जालन्याला घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. पेशंटबरोबर आत एकालाच सोडत होते. मला वाचता येतं म्हणून मायने मला पाठवलं आणि ती बाहेर बाकावर बसली.

डॉक्टरांनी दांडीचा छोटा आरसा गरम करून दादांच्या घशात धरला. बराच वेळ पाहिलं. मग हात धुवत विचारलं, "आवाज कधीपासून बिघडलाय?"

"बारा-तेरा दिस झाले," दादा कुजबुजले. "भोकरदनला गायलो, तव्हापासून."

"इतक्या दिवसांची दिसत नाही ही गाठ. नीट आठवा. आधी कधी चढायला त्रास, आवाज बदलल्यासारखा?"

दादांनी मान हलवली. त्यांना थोडा राग आला होता. "डॉक्टरसाहेब, आमचं सारं ह्या गळ्यावर हाय. आम्हाला कळलं न्हाई असं व्हईल का? त्या दिशीपर्यंत काळी चार गात व्हतो मी."

डॉक्टर कागदावर लिहायला लागले. बारा दिवस असं लिहीत होते. मी म्हटलं, "दोन वर्षं झाली."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी दादांकडे न पाहता डॉक्टरांना सांगत गेले की दोन वर्षांपूर्वी वरचा सूर कमी पडायला लागला, तेव्हापासून मी पट्टी उतरवत आले, दर सात-आठ महिन्यांनी एक घर. डॉक्टरांना त्यातलं निम्मं कळलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं आवाज खाली जात होता, असंच ना?" मी हो म्हटलं. त्यांनी बारा दिवस खोडलं. पेन टेबलावर ठेवलं. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की दोन वर्षांपूर्वी इथे येऊन बसलो असतो तर गोष्ट वेगळी होती.

दादांना मात्र सगळं कळलं होतं, पेटीचं. ते माझ्याकडे पाहत होते.

"कोणत्या पट्टीत वाजवीत व्हतीस?"

"शेवटी पांढरी चार."

ते मांडीवर बोटं टेकवत मनातल्या मनात घरं मोजत गेले. तीन. मग म्हणाले, "मला वाटलं मीच गाऊन राह्यलो." त्यात राग नव्हता. राग असता तर मी आज निराळी बाई असते.

आम्ही बाहेर आलो. माय बाकावरून उठली, दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून. "काय म्हणले?" दादा तिच्याशेजारी बसले. मी आता तोंड उघडणारच होते, तेवढ्यात त्यांनी माझा हात दाबला. जोरात दाबला. मायला म्हणाले, "भोकरदनलाच फाटला म्हणतेत. त्या दिशी जोर केला, त्यानं झालं. मुंबईला न्यावं लागन." त्यांना मला वाचवायचं होतं. माझ्यावरचा दोष उचलून तो कुठे ठेवतो आहोत, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मायच्या हातातली पिशवी खाली गेली. "मीच जा म्हणले व्हते," ती म्हणाली.

दादांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं. तेव्हा आलं लक्षात. "तुहं काय त्याच्यात," असं ते म्हणायला गेले, पण आवाज निघाला नाही, आणि माय तोवर भिंतीकडे तोंड करून रडायला लागली होती. मी तिथेच उभी होते. दोन पावलांवर. मुंबईला दादांचा घसा काढून टाकला आणि मानेला भोक ठेवलं. त्यानंतर ते पुढचा उन्हाळा पाहू शकले नाहीत, आणि त्यांना लिहिता येत नसल्यामुळे जे सांगायचं ते त्यांच्याबरोबरच गेलं.

माय नंतर पुष्कळ वर्षं जगली. ती परत भोकरदनला गेली नाही, भावाच्या पोरीच्या लग्नालाही नाही. शेवटच्या आजारात ती तेच तेच बोलायची, "मीच धाडलं त्यान्ला, कांता. न्हाई तर अजून गात असते." मी तिचे पाय दाबत बसलेली असायचे. "जाऊ दे माय," एवढंच म्हणायचे. त्याच्या पुढचं एकच वाक्य होतं आणि ते रोज माझ्या ओठांवर येत होतं. ते मी बोलले नाही, आणि ती गेली.